डोंगरवाटा – वाचकांचे प्रश्न : मॉरिशसचा चढ, साताऱ्याचा सराव

या वेळच्या पत्रांत बहुतेक प्रश्न पावसाळी ट्रेकचे आहेत. एक पत्र मात्र थेट मॉरिशसच्या डोंगरांबद्दल आलं आहे. आम्ही तेच आधी घेतलं, कारण चिखल, ओला कातळ आणि अंगावर येणारा उतार या तिन्ही गोष्टी साताऱ्याला जशा छळतात तशाच तिथेही छळतात. एक मुद्दा बऱ्याच उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल आणि तो आम्ही मुद्दामच येऊ दिला आहे: माणसं तयारी चढायची करतात आणि घोळ होतात उतरताना.

प्रश्न : जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं मॉरिशसला जातोय. मी ५२ वर्षांचा, सौ. ४८ आणि मुलगी कॉलेजला. ले पूस आणि ले मोर्न हे दोन डोंगर चढायचेच असा मुलीचा हट्ट आहे. दर रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर जातो, सज्जनगडही फारसा दम न लागता होतो. एवढं पुरेल का? – एक वाचक, शाहूपुरी, सातारा

चढायला जवळपास पुरेल. उतरायला कमी पडेल.

आधी उंचीचा हिशेब नीट करू. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर असला, तरी शहरातून प्रत्यक्ष चढ तीनशे मीटरच्या आसपास आहे. ले पूसची उंची ८१२ मीटर. मोका भागातून, उसाच्या फडांमधून वाट सुरू होते आणि साधारण साडेचारशे मीटर चढावं लागतं. म्हणजे दीड अजिंक्यतारा. ले मोर्न ५५६ मीटरचाच, पण त्याची सुरुवात जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून होते, त्यामुळे कागदावर लहान दिसणारा हा डोंगर पायांना ले पूसएवढाच लागतो. याच्या उलट ब्लॅक रिव्हर पीक. ते बेटावरचं सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटर. पण वाट पठारावरच्या डांबरी रस्त्यापासून निघते, म्हणून चढ कमी आणि चाल जास्त. जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर. कुठल्याही डोंगराची चौकशी करताना शिखराच्या उंचीआधी ‘वाट कुठून सुरू होते’ हे विचारावं.

आता वाटांबद्दल. ले पूस म्हणजे अंगठा, आणि माथ्यावरचा सुळका तसाच दिसतो. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन मॉरिशसला आला होता, तेव्हा तोही या डोंगरावर चढला होता. सुरुवातीची वाट रुंद आहे, मग झाडी लागते, मग गवताळ खांदा. इथपर्यंत कुणीही धडधाकट माणूस सहज जातो. शेवटचा अंगठ्याचा टप्पा मात्र हात टेकवत चढायचा आहे आणि माथ्यावर वारा झोंबतो. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर खांद्यावरून परत फिरा. पोर्ट लुई आणि समुद्र तिथूनही पोटभर दिसतो.

ले मोर्न बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी या कड्यांच्या आसऱ्यानं दिवस काढले. २००८ मध्ये युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तळाच्या गेटवर नाव नोंदवून आत जायचं. पहिला टप्पा गाडीवाटेसारखा रुंद आहे. त्यानंतर कातळ सुरू होतो आणि दृष्टिभय (खालची खोली बघून वाटणारी भीती) असलेल्यांची परीक्षाही. खालच्या दर्शनबिंदूवरून बरेच जण मागे फिरतात आणि त्यात काहीच कमीपणा नाही. वरच्या टप्प्याला सकाळीच जा. ऊन चढलं की तो काळा दगड हाताला चटके देतो, आणि उन्हानं थकलेल्या पायांनी तोच कातळ उतरायचा असतो.

तुमच्याकडे सहा आठवडे आहेत असं धरून सराव असा करा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा, पण डांबरी रस्त्यानं नको, पायवाटेनं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीवर पाच किलोची सॅक घ्या आणि एका दिवशी तो लागोपाठ दोनदा करा; म्हणजे सहाशे मीटर चढ आणि, महत्त्वाचं, सहाशे मीटर उतार. पाचव्या आठवड्यात वैराटगड किंवा पांडवगड. शेवटच्या आठवड्यात फक्त सपाटीवर चाला.

उतारावर एवढा भर का, तेही सांगतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. या दुसऱ्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. रविवारी गड केला की मंगळवारी जिना उतरताना भिंत धरावी लागते, ती यामुळेच. दिलासा हा की एकदा असं दुखून बरं झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं पुन्हा तसा दुखत नाही. म्हणून शेवटचा मोठा उतार विमानाच्या दहा-बारा दिवस आधी उरका. मॉरिशसमध्येही दोन डोंगर लागोपाठच्या दिवशी घेऊ नका, मध्ये दोन दिवस समुद्राला द्या.

जुलै तिकडे हिवाळा आहे, पाऊस तुलनेनं कमी. वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त धोक्याचा. पण एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीनं विसरायला होते: साताऱ्यात जुलैत सात वाजून गेले तरी उजेड असतो, मॉरिशसमध्ये सूर्य पावणेसहा-सहाच्या आत मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. दुपारी तीनला ‘अजून खूप वेळ आहे’ असं म्हणून वर चढायला लागू नका.

प्रश्न : मी सांगलीत राहतो. इथे चढायला डोंगरच नाही. सराव कसा करायचा? पाचव्या मजल्यावर घर आहे, रोज जिन्यानं चढतो आणि गुडघे वाचवायला लिफ्टनं उतरतो. – एक बँक कर्मचारी, विश्रामबाग

गुडघे धडधाकट असतील तर उलट करा: उतरायला जिना वापराच. लिफ्टनं उतरलात की नेमका ज्या कामाचा सराव हवा तोच बुडतो.

हिशेब सोपा आहे. एक मजला साधारण तीन मीटर, पाच मजले पंधरा मीटर. अजिंक्यताऱ्याएवढे तीनशे मीटर व्हायला वीस फेऱ्या. पहिल्या दिवशी पाच फेऱ्या पुरेत, दर आठवड्याला तीन-चार वाढवा. उतरताना पाऊल आवाज न करता ठेवायचा प्रयत्न करा. धपधप आवाज येतो म्हणजे स्नायू ब्रेक लावत नाहीत आणि हिसका थेट गुडघ्याला जातो. कठडा धरू नका, पण हाताजवळ असू द्या.

जिन्याची मर्यादा अशी की सगळ्या पायऱ्या एकसारख्या असतात. डोंगरावर दोन पावलं कधी सारखी पडत नाहीत आणि घोट्याला त्याचीच सवय हवी. त्यासाठी महिन्यातून दोनदा तरी दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वरच्या टेकड्या करा. गुडघ्याची जुनी तक्रार असेल, सूज येत असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मग सराव.

प्रश्न : सह्याद्री आणि मॉरिशस एकाच ज्वालामुखीतून झाले असं मुलांनी वर्गात विचारलं. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर तिकडचे डोंगरही आपल्यासारखेच असतील का? – एक शिक्षिका, वाई

मुलांनी फार छान प्रश्न विचारला आहे. ज्वालामुखी एकच म्हणता येणार नाही, पण उष्णतेचा स्रोत एकच मानला जातो. पृथ्वीच्या पोटातून तप्त पदार्थ वर येतो अशी एक जागा आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना त्या जागेवरून गेला आणि लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं. भूखंड पुढे सरकत राहिला आणि त्याच्या मागे समुद्रात एक माग उमटत गेला: लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्याखालची डोंगररांग, मग मॉरिशस आणि सगळ्यात शेवटी रियुनियन. मॉरिशस जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं, म्हणजे आपल्या पाचगणीच्या दगडापुढे ते अगदीच कोवळं. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी तर आजही जागृत आहे.

दगड दोन्हीकडे बेसॉल्टच. पण डोंगराची घडण वेगळी, आणि चालणाऱ्याला तो फरक पायाला कळतो. आपल्याकडे लाव्हा आडवा पसरला, म्हणून कडा, मग सपाट पदर, मग पुन्हा कडा अशी रचना आहे. कमळगड किंवा केंजळगड चढताना पदरावर आलं की श्वास घ्यायला जागा मिळते. मॉरिशसचे डोंगर म्हणजे एका जुन्या प्रचंड ज्वालामुखीचे झिजून उरलेले अवशेष. त्यात अरुंद धारा आणि सुळके जास्त. वाट धारेवरून चालते आणि शेवटचा चढ एकदम उभा होतो. दम खायला सपाटी मिळेल या आशेवर राहू नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी स्वतःहूनच थांबा.

पावसाचंही मुलांना सांगता येईल. तिथे वारा बहुतेक काळ आग्नेयेकडून येतो, मधल्या उंच भागावर ढग अडतात आणि पलीकडचा पश्चिम किनारा कोरडा राहतो. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव आभाळाकडे बघत बसतं, तीच गोष्ट साताऱ्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान बेटावर घडते, फक्त दिशा उलटी.

प्रश्न : महागडे ट्रेकिंगचे बूट घेतले, तरी ओल्या कातळावर दोनदा आपटलो. दुकानदार म्हणतो, सोल उत्तम आहे. मग घसरतं कशानं? – एक वाचक, कराड

दुकानदार खोटं बोलत नसावा. ‘निसरडं’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि चौघींवर पाऊल वेगळं ठेवावं लागतं. बूट फक्त दोन-तीन ठिकाणी मदत करतो.

पहिली, ओला कातळ. बेसॉल्टचे कण फार बारीक, त्यामुळे पाण्यानं घासलेला पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यावर शेवाळाचा पातळ थर बसला की जगातलं कुठलंही रबर तिथे धरत नाही. डोळ्यांनी ओळखायला शिका: ओला असून काळा, तुकतुकीत आणि किंचित हिरवट दिसणारा पट्टा म्हणजे शेवाळ, तिथे पाय नको. करडा, खरखरीत, बारीक भोकांचा जाळीदार दगड ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो. पाणी झिरपतं ती रेष टाळून बाजूनं चाला. कातळावर खोल खाचांचा कडक सोल कमी कामाचा. मऊ रबराचा सोल जास्त धरतो, कारण तो दगडाला चिकटून बसतो. गमबूट कातळावर अजिबात नकोत.

दुसरी, लाल चिकणमाती. बेसॉल्ट झिजून तयार झालेली ही माती कासवरही आहे आणि मॉरिशसच्या जंगलातही. ती सोलच्या खाचांत भरते आणि दहा पावलांत तुमचा बूट सपाट तळव्याचा होतो. इथे पाच-सहा मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब असलेल्या खाचा हव्यात. दर काही पावलांनी दगडाच्या कडेवर बूट खरवडायची सवय लावा.

तिसरी, मुळं. ओलं, साल निघालेलं मूळ कातळापेक्षा वाईट. मॉरिशसच्या रानात चिनी पेरूची इतकी दाटी माजली आहे की काही वाटांवर मुळांची जाळीच पसरलेली असते. मुळावर पाय ठेवायचाच नाही, ओलांडायचं. मूळ उताराला आडवं असेल तर त्याच्या वरच्या बाजूला साठलेल्या मातीत पाऊल टेकवा.

चौथा घसारा, म्हणजे उतारावरचा सुटा मुरूम. हा कोरड्या दिवसांतला त्रास. इथे टाच रोवून उतरता येतं.

आणि तुमच्या आपटण्याचं कारण बहुधा इथेच आहे. घसाऱ्यावर जमणारी ही टाच रोवायची सवय लोक ओल्या कातळावरही वापरतात. भीतीनं अंग मागे झुकतं, वजन टाचेच्या कडेवर येतं, दगडाला टेकलेला सोल दोन बोटांएवढाच उरतो आणि पाय पुढे सटकतो. ओल्या कातळावर पूर्ण तळवा टेकवा, गुडघे थोडे वाकवा, छाती पायांच्या वर आणा, पावलं वीतभर टाका. पुढे झुकायची भीती वाटते, पण वजन सरळ खाली गेलं तरच पकड मिळते. फार उभं असेल तर कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतात तसं उतरा. बसून घसरत जायचा मोह टाळा. एकदा वेग आला की थांबायला हातात काही नसतं.

बुटांबद्दल आणखी दोन गोष्टी. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि ट्रेकचे मोजे घालून बूट घ्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ती नसेल तर उतारावर नखं बुटाला आपटून काळी पडतात. आणि कपाटात चार-पाच वर्षं पडून असलेले ‘नव्यासारखे’ बूट थेट सहलीला नेऊ नका. अनेक बुटांच्या सोलच्या मधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्यानं आतून सडतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि पहिल्याच चढाला अख्खा सोल सुटून हातात येतो. तो थर अंगठ्यानं दाबून बघा, बूट मधोमध वाकवून बघा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर बूट गेला. एक दिवस पाऊस-चिखलात घालून आले की खात्री पटते.

प्रश्न : ब्लॅक रिव्हर पीकच्या फोटोंत शेवटच्या चढावर दोर बांधलेले दिसतात. त्यांच्यावर भरवसा ठेवावा का? – एक वाचक, इस्लामपूर

तोल सांभाळण्यापुरता. पूर्ण वजन टाकण्यापुरता नाही. दोर कुणी, केव्हा, कशाला बांधला हे तुम्हाला माहीत नसतं, आणि उन्हापावसात राहिलेला नायलॉनचा दोर आतून कमकुवत होतो. हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा: वरचं टोक जिवंत जाड झाडाला आहे की सुकलेल्या खोडाला, दगडावर घासणाऱ्या जागी दोराचे तंतू बाहेर आलेत का, आणि गाठ घट्ट आहे का. वरची गाठ दिसत नसेल तर दोर नाहीच असं समजून पाय ठेवा.

एका वेळी एकच माणूस. दोघांनी धरला की वरच्याच्या हिसक्यानं खालचा भेलकांडतो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा आणि हातातून सरकू द्यायचा नाही, तळवा भाजतो. उतरताना डोंगराकडे तोंड, पाय खांद्याएवढे फाकलेले. आणि कुणी खाली उभं असेल तर त्याला रेषेतून बाजूला करा, दगड सुटतात.

याच बेटावरच्या पीटर बोथबद्दलही दोघांनी विचारलंय. माथ्यावर मोठा गोल धोंडा असलेलं हे शिखर ८२० मीटरचं आहे, पण शेवटच्या टप्प्याला प्रस्तरारोहणाची साधनं आणि जाणता माणूस लागतो. नुसत्या चालणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : रियुनियनचं पितों द नेझ करायचं मनात आहे. कळसूबाई केलंय. उंचीचा त्रास होईल का? – एक विद्यार्थी, सातारा

कळसूबाई १,६४६ मीटर, पितों द नेझ ३,०७० मीटर. जवळजवळ दुप्पट, आणि चढही त्याच मापाचा. सिलाओस गावाजवळून निघून पहिल्या दिवशी साधारण अकराशे मीटर चढून २,४७९ मीटरवरच्या काव्हेर्न द्युफूर या निवाऱ्यात मुक्काम करायचा, आणि पहाटे तीन-चारला उठून उरलेले सहाशे मीटर चढून सूर्योदयाला माथा गाठायचा, ही रूढ पद्धत. निवाऱ्याची जागा आधी राखून ठेवावी लागते.

या उंचीवर काहींचं डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही. पाणी पीत राहा, सावकाश चढा. डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या किंवा तोल जाऊ लागला तर वर न जाता खाली या. उंचीपेक्षा तुम्हाला थंडी जास्त जड जाईल. जून ते ऑगस्टमध्ये माथ्यावर रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि वारा वेगळाच. कानटोपी, हातमोजे, लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि वर वाराबंद जाकीट हवं. सुती बनियन घालू नका. घामानं भिजलं की माथ्यावर थांबल्याक्षणी हुडहुडी भरते.

आणि परतताना, म्हणजे एकाच दिवशी, सतराशे मीटर उतार आहे. अजिंक्यतारा पाच-सहा वेळा लागोपाठ उतरल्यासारखा. आधी पूर्ण एका दिवसात हजार मीटर उतरायची सवय करा, मगच तिकीट काढा.

पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, अजिबात जाऊ नका. जानेवारी १९६६ मध्ये या बेटावरच्या फॉक-फॉक इथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला होता, तो आजही जागतिक विक्रम आहे. महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात पडतो त्याचा जवळपास तिसरा हिस्सा, एका दिवसात.

प्रश्न : पाणी किती न्यावं? नुसतं पाणी पिऊनही पायात गोळे येतात. – एक वाचक, फलटण

चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात पाऊण. चार तासांच्या वाटेला दोन ते तीन लिटर. वाटेतल्या ओढ्यावर विसंबू नका, वर गुरं असतात.

घामातून मीठही जातं, आणि वर नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचं पाणी ठेवा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवून फायदा नाही, मळमळतं. गोळे येण्याचं दुसरं कारण सरावाबाहेरचे श्रम. तेव्हा थांबून स्नायू हळू ताणा. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, दशमी आणि कोरडी चटणी. दर तासाला थोडं थोडं. मॉरिशसमध्ये डाळपुरी जागोजागी मिळते, कागदात गुंडाळून सॅकमध्ये टाकायला सोयीची.

प्रश्न : पावसात ओढा अचानक वाढला तर काय करायचं? – एक वाचक, पाटण

थांबायचं. डोंगरातला ओढा जसा भरभर चढतो तसा पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की वर पाऊस झाला असं समजा आणि काठावरून वर सरका. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. ओलांडायचंच असेल तर पात्र रुंद असेल तिथून. रुंद तिथे उथळ. वळणावरून किंवा धबधब्याच्या वरच्या अंगाला कधीच नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. बूट काढू नका. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, दोन टेकू पक्के असल्याशिवाय तिसरा हलवायचा नाही.

प्रश्न : वाटेला किती वेळ लागेल हे आधी कसं काढायचं? – एक वाचक, मिरज

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला एक तास. दहा किलोमीटर आणि साडेचारशे मीटर चढ म्हणजे दोन अधिक पाऊण, पावणेतीन तास. हा हिशेब सुक्या, मळलेल्या वाटेचा आणि तयार माणसाचा आहे. चिखल, मुळं, घरची मंडळी बरोबर असतील तर दीडपट करा, फोटो आणि खाण्याचा वेळ वेगळा धरा. चार तासांहून थोडे जास्त झाले, आणि फोटो-खाण्याचा एक, म्हणजे पाच तासांहून थोडे जास्त. सूर्यास्तापासून उलट मोजा आणि दोन तास हाती ठेवून निघायची वेळ ठरवा. परत फिरायची वेळही घरूनच ठरवून निघा. माथा समोर दिसायला लागला की ती ठरवता येत नाही.

डोक्याला लावायची बॅटरी दिवसाच्या ट्रेकलाही सॅकमध्ये हवीच. मोबाइलचा उजेड लावला की एक हात अडकतो आणि फोन नेमका लागेल तेव्हा बंद पडलेला असतो. मॉरिशसमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११४, पोलिसांसाठी ११२. निघताना हॉटेलात वाटेचं नाव आणि परतायची वेळ लिहून द्या.

प्रश्न : वासोट्याला जळवा लागल्या, मीठ टाकलं तरी रक्त थांबेना. आणि मॉरिशसच्या रानात साप असतात का? – एक वाचक, सातारा

जळू ओढू नका, जाळू नका. नखाची कड तिच्या तोंडाखाली सरकवली की ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो म्हणून जखम लहान असूनही वाहत राहते. साबणानं धुवा आणि स्वच्छ कापडानं दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. वासोटा अभयारण्यात येतो आणि पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा पुढच्या वेळी वन खात्याकडे चौकशी करून, बामणोलीहून लाँच सुरू झाल्यावरच जा.

मॉरिशसच्या जंगलात माणसाला घातक असे विषारी साप नाहीत. पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी मात्र झुडपांत असतात, तेव्हा न बघता फांदीला हात घालू नका. तीच सवय इकडे आल्यावरही ठेवा, कारण आपल्या कातळावर फुरसं आणि फांदीवर चापडा हे विषारी साप असतात.

जाता-येता दोन्ही वेळा बुटांच्या खाचा घासून धुवा आणि मोज्यांत अडकलेली कुसळं काढून टाका. बेटांवरच्या मूळच्या झाडांना बाहेरून आलेल्या बियांनीच सर्वांत जास्त हैराण केलं आहे. चिनी पेरूही असाच बाहेरून आलेला.